रुक्मिणी स्वयंवराची पाच पानं : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

नाथषष्ठी २० मार्चला आहे. म्हणजे हातात चार महिने आणि वर दहा दिवस. तेवढ्यात नाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’तली पाच पानं लघुचित्रांच्या रीतीनं रंगवायची असं ठरवलं. आठवी-नववीची सात मुलं, मी आणि आत्या. शाळा पैठण तालुक्यातली, घर पैठणात, घाटापासून दहा मिनिटांवर.

आत्याशिवाय हे काम होणार नाही. तिचं लग्न ठरेना तेव्हा आजीनं तिच्याकडून या पोथीची पारायणं करून घेतली होती. उपवर मुलींनी रुक्मिणी स्वयंवर वाचलं की चांगलं स्थळ येतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. आत्या आता सत्तरीची आहे. अठराही प्रसंग तिला जवळजवळ तोंडपाठ आहेत.

या प्रकल्पाचं मूळ वर्गातच आहे. लघुचित्र म्हटलं की मुलं उत्तरपत्रिकेत मोगल, राजस्थानी, पहाडी अशी तीन नावं लिहितात आणि मोकळी होतात. जणू या चित्रांचा आपल्या मातीशी काही संबंधच नाही. पण भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’ची, नायक-नायिकांवरच्या संस्कृत काव्याची, एक सचित्र पोथी १६५० साली औरंगाबादेत तयार झाली, मेवाडच्या एका ठाकुरासाठी. त्या चित्रांत मेवाडी वळण आहे आणि दख्खनीही. ज्या शहरात मी रंग आणायला जातो, तिथे पावणेचारशे वर्षांपूर्वी चित्रकार मांडी घालून हे काम करत होते. मुलांना हे नुसतं सांगून भागणार नाही, त्यांच्या हातून व्हायला हवं.

पानं अशी : (१) रुक्मिणी पत्र देते, (२) सुदेव ब्राह्मण द्वारकेत, (३) अंबिकेचं देऊळ आणि रुक्मिणीहरण, (४) रुक्मीशी युद्ध, (५) लग्न.

१७ नोव्हेंबर, रविवार

कागजीपुऱ्याला जाऊन आलो. दौलताबाद सोडून खुलताबादच्या वाटेला लागलं की हे गाव लागतं. तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तिच्याबरोबर कागदी कारागीर इथे आले, अशी गावाची परंपरा. हातकागद अजून बनतो. चिंध्यांचा लगदा, पाण्याचा हौद, त्यातून चाळणीवर उचललेला ओला ताव.

२५ ताव घेतले. चित्रासाठी जाडी लागते, आणि ती एका तावानं येत नाही. चार-पाच ताव एकमेकांवर चिकटवून जो पुठ्ठा होतो तीच वसली. म्हणजे पाच पानांना पाचपाच ताव, चुकायला जागा नाही. कागद उजेडाकडे धरला की आत कापसाचे तंतू दिसतात. मुलांपैकी दोघं बरोबर होती, ती ताव गालाला लावून बघत होती.

येताना शहरात कर्णपुऱ्यावरून आलो. नवरात्रात देवीच्या जत्रेला आपण सगळे तिथे जातो, पण नावाकडे कोण बघतं? बिकानेरचा राजा करणसिंह मोगलांच्या चाकरीत इथे होता, त्याचा तो पुरा. पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंह याचा. जसवंतपुरा जोधपूरच्या जसवंतसिंहाचा, जयसिंगपुरा मिर्झाराजांचा. रिक्षावाला ज्या नावांनी सवारी पुकारतो, ती सगळी राजपूत सरदारांची नावं. हे सरदार मोहिमेवर येताना लवाजमा घेऊन येत, आणि दख्खनेतून पोथ्या आणि चित्रं घेऊन जात. करणसिंहाचा थोरला मुलगा अनूपसिंह याचा ग्रंथसंग्रह बिकानेरला आजही आहे.

आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. याच बिकानेर घराण्यातल्या पृथ्वीराज राठोडानं १५८० च्या सुमारास डिंगळ भाषेत ‘वेलि क्रिसन रुकमणी री’ रचली. नाथांचं ‘रुक्मिणी स्वयंवर’ १५७१ चं, काशीत पुरं झालेलं. नऊ-दहा वर्षांच्या अंतरानं एकाच विदर्भकन्येवर दोन काव्यं. पुढे एक काव्य ज्या घराण्यातलं, त्याचा वंशज पैठणपासून पन्नास किलोमीटरवर येऊन राहिला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

परवा-काल इलेक्शन ड्युटी. काम काहीच नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

वसली करायला बसलो. गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, त्यात चिमूटभर मोरचूद. मोरचूद घातला नाही तर कागदाला कसर लागते. खळ गाळून घेतली तरच गुठळ्या राहत नाहीत. ताव पाण्यानं ओलसर करायचा, खळ लावायची, वर दुसरा ताव, मग तळहातानं मधून कडेकडे हवा काढत जायचं. पाच थर झाले की पाटाखाली दाबून ठेवायचं.

नववीतल्या एका मुलीचा हात यात सगळ्यांत चांगला चालला. ती घरी रोज भाकरी थापते. तळहाताचा तोच गोल फेरा, तोच दाब.

१ डिसेंबर, रविवार

दोन वसल्या बिघडल्या. मधे फुगे आले आणि एकीला वास येतो, बुरशी धरली. चूक माझी. थंडीत दोन दिवसांत वाळेल म्हणून मी दाबूनच ठेवली, वारा लागू दिला नाही. मुलांसमोर तसं सांगितलं आणि दोन्ही पाण्यात सोडवून ताव वेगळे केले. सात ताव वाचले, बाकी गेले. पुन्हा कागजीपुरा.

दुपारी मात्र दिवस सार्थकी लागला, सगळ्यांना वेरूळला नेलं. मुलं हत्तीकडे पळाली, मी त्यांना कैलास लेण्याच्या मंडपाच्या बाहेरच्या भिंतींपाशी आणलं. दक्षिणेला रामायण, उत्तरेला महाभारत, आणि त्याच पटात खाली कृष्णाच्या बाललीला. दगडात आडव्या पट्ट्या एकाखाली एक. प्रत्येक पट्टीत तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात. मुलांना सांगितलं, एकदम सगळं बघू नका, एकेक ओळ वाचा. सायकलवरून येणारा मुलगा म्हणाला, “सर, हे तर वहीच्या पानासारखं हाय.” तसंच आहे. आठव्या शतकातली वही.

मग वर, ओवरीच्या छताकडे. तिथे रंग अजून तग धरून आहेत. नाक टोकदार, आणि तिरप्या चेहऱ्यात पलीकडचा डोळा गालाच्या रेषेबाहेर आलेला. अजिंठ्याच्या चेहऱ्यांतली गोलाई इथे सरत चाललीय आणि रेषा धारदार होतेय. पुढे पश्चिम भारतातल्या जैन पोथ्यांमध्ये, ताडपत्रावर आणि मग कागदावर, तोच बाहेर आलेला डोळा ठळक खूण म्हणून दिसतो. भारतीय पोथीचित्रांच्या इतिहासाचं एक मूळ इथे, या काजळलेल्या छताला आहे. मान दुखेपर्यंत बघत राहिलो. मुलांनी एकमेकांचे चेहरे तिरपे धरून पलीकडचा डोळा कुठपर्यंत दिसतो ते मोजलं.

८ डिसेंबर, रविवार

पहिल्या पानाचा कच्चा आराखडा. आत्या पोथी घेऊन ओसरीवर, मुलं भोवती.

रुक्मीनं बहिणीचं लग्न शिशुपालाशी ठरवलेलं. रुक्मिणी सुदेवाच्या हाती द्वारकेला पत्र पाठवते. भागवतात या पत्राचे सात श्लोक आहेत, नाथांनी त्याचा विस्तार केला. आत्या तो भाग वाचताना थांबली आणि म्हणाली, “पोरगी सोताहून लिहिती, मला न्यायला ये म्हणून. आमच्या येळेला असं लिहिलं असतं तर?” पोरी हसल्या. ती हसली नाही.

प्रश्न असा आला की सुदेव किती वेळा काढायचा. मी तीन म्हटलं : महालात पत्र घेताना, वेशीतून बाहेर पडताना, आणि पानाच्या कडेला वाटेवर.

“एकच भटजी तीनदा?” आत्यानं विचारलं. “लोकं तीन भटजी समजतील.”

मी मोबाइलवर मेवाडचं रामायण दाखवलं. राणा जगतसिंहासाठी १६४९ ते १६५३ मध्ये झालेलं, चारशेहून जास्त चित्रांचं. लंडन आणि मुंबईतली पानं २०१४ मध्ये इंटरनेटवर एकत्र आणली गेली. त्यातला युद्धकांडाचा चित्रकार साहिबदीन. त्याच्या एका पानावर कुंभकर्ण झोपलेला, उठलेला, जेवणारा, निघालेला असा सगळा एका वेळी असतो. साहिबदीन क्षण रंगवत नाही, तो गोष्ट सांगतो. कीर्तनकार आख्यानात एकदा उभं केलेलं पात्र पुढे पुन्हा आणतो, तेव्हा श्रोत्यांना ते दुसरं माणूस वाटत नाही. चित्रातही उपरणं एकच, दाढी एकच, म्हणजे माणूस एकच.

आत्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “उपरण्याला काठ लाल घ्या. लांबून वळखू येईल.”

काठ लाल ठरला.

१५ डिसेंबर, रविवार

आज भांडण झालं, चांगलं भांडण. द्वारका पश्चिमेला, रुक्मिणीचं कुंडिनपूर पूर्वेला. नकाशात पश्चिम डावीकडे असते, म्हणून सुदेव उजवीकडून डावीकडे जाणार, असं भूगोल आवडणाऱ्या मुलाचं म्हणणं. दुसऱ्या बाजूनं, आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, मग गोष्टही तशीच चालायला हवी. मी या दुसऱ्या बाजूला होतो. पण जुनी पानं पुन्हा चाळली आणि लक्षात आलं की जुने चित्रकार वाचनाच्या दिशेला बांधलेले नसत. डोळा पानभर तेच माणूस शोधत हिंडतो, वाट त्याच्या हाताला लागते.

शेवटी नकाशा जिंकला. पहिल्या पानावर सुदेव डावीकडे जातो, तिसऱ्या पानावर कृष्णाचा रथ डावीकडून येतो. भागवतात कृष्ण एका रात्रीत विदर्भात पोचतो. शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक असे चार घोडे, दारुक सारथी. ती रात्र वरच्या पट्टीत गडद निळी. लघुचित्रात रात्र झाली म्हणून माणसं अंधारात जात नाहीत. आकाश काळं-निळं, चांदण्यांचे ठिपके, हातात मशाल, आणि खाली सगळं लख्ख. प्रेक्षकाला रात्र कळली म्हणजे झालं, त्याला ठेचकाळायला लावायचं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

कपडे आणि गाव.

मुलांनी रुक्मिणीला घागरा-ओढणी घातली होती, कारण मी दाखवलेल्या बहुतेक चित्रांत तेच होतं. इथे मी अडवलं, आणि या प्रकल्पात मला जे मनापासून म्हणायचंय ते याच जागी आहे. मेवाडच्या चित्रकारानं अयोध्या रंगवली तेव्हा त्याच्या राण्याच्या राजधानीसारखी रंगवली. पहाडातल्या गुलेरच्या माणकू या चित्रकारानं लंका रंगवली तेव्हा तट, बुरूज आणि महाल त्याच्या ओळखीचे आले. पहाडी भागवतातलं गोकुळ पहाडातलंच खेडं आहे, गायीसुद्धा तिथल्या. कोणी पुराणातलं गाव शोधायला परगावी गेलं नाही. मग आमचं कुंडिनपूर जयपूरसारखं कशाला?

रुक्मिणी तर विदर्भाची, म्हणजे शेजारची. तिला नऊवारी पैठणी. पदरावर आसावली आणि बांगडीमोर, काठ नारळी. वाड्याला सागवानी खांब आणि काळा दगड. वाटेवर बाभळी. देवळासाठी भोकरदनकडच्या अन्व्याच्या देवळाचे खांब समोर ठेवले, देवळापुढे बारव.

आत्या खूश. “आता रुखमाई घरातली वाटायली,” म्हणाली.

५ जानेवारी २०२५, रविवार

बारवेची नोंद नीट लिहून ठेवतो.

तिसऱ्या पानावर फुलवाल्याच्या मुलीनं देऊळ समोरून काढलं आणि बारव वरून. चौकोन, आत चौकोन, त्यात पायऱ्या, मधे पाणी आणि कमळं. मी खोडरबर घेतलं. वीस वर्षं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांना हेच शिकवतोय : क्षितिजरेषा एक, दृष्टिबिंदू एक, लांबची वस्तू लहान. दोन पायऱ्या पुसल्याही.

ती म्हणाली, “सर, बारव समोरून दिसतच नाही. काठावर उभं राहून खालीच बघावं लागतं.”

खोडरबर खाली ठेवलं. मी तिला जुन्या चित्रकारांचं जे तत्त्व दोन महिने समजावू पाहत होतो, ते ती अनुभवानं सांगत होती. देऊळ समोर उभं राहून बघायचं असतं, बारव वाकून. प्रत्येक वस्तू जिथून तिची तिची ओळख पटते तिथून काढायची आणि सगळ्या एका पानावर नांदवायच्या. पहाडी चित्रांत तळं वरून दिसतं, काठचं झाड बाजूनं, आतला मासा आडवा. पुसलेल्या पायऱ्या तिनं पुन्हा काढल्या. कागदाला तिथे जरा लव आली आहे, रंग लावताना जपावं लागेल.

१२ जानेवारी, रविवार

खाका उतरवला. पातळ कागदावर रेषांवरून सुईनं बारीक भोकं पाडायची, तो वसलीवर ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. कागद उचलला की खाली ठिपक्यांची रुक्मिणी. मुलं गप्प झाली. मग गेरूच्या पातळ पाण्यानं रेषा पक्की करायची, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, त्यातून रेषा अंधूक दिसत राहते, ती पुन्हा काढायची. चित्रकार त्याला सच्ची टिपाई म्हणत.

१९ जानेवारी, रविवार

रंग. हिंगूळ आणि हरताळ आणायचे नाहीत, हे आधीच ठरलेलं. हिंगुळात पारा, हरताळात सोमल, मुलांच्या हातात नको. जंगालही नको, तांब्याचा तो हिरवा कालांतरानं कागद खातो. जुन्या पोथ्यांत हिरव्या चौकटी बरोब्बर रेषेवर फाटलेल्या असतात त्या यामुळेच.

आमचे रंग : काव, गेरू, पिवडी, नीळ, दिव्याचं काजळ आणि जस्ताचा सफेदा. नीळ आणि पिवडी मिळून हिरवा. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळला. रंग शिंपल्यात बोटानं घोटला. डिंक कमी पडला तर रंग बोटाला येतो, जास्त झाला तर वाळल्यावर तडकतो. प्रत्येक शिंपल्यातला एक ठिपका कागदाच्या कपट्यावर लावून, वाळवून, नखानं घासून बघितला.

कुंचले दुकानातले कृत्रिम केसांचे. जुन्या काळी खारीच्या शेपटीचे केस मोराच्या नाहीतर कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवत. खारीला त्रास द्यायचा नाही, हे मुलांनीच सांगितलं.

कृष्णाचा रंग दीड तास चालला. मुलांनी पुस्तकातला आकाशी केला. आत्या म्हणाली, “सावळा म्हंजे निळा कामून? आपला इठोबा निळा हाय का?” शेवटी नीळ, बरंचसं काजळ, थोडी काव आणि सफेद्याचा एक थेंब. पाऊस पडून गेल्यावर नांगरलेलं काळं रान ओलं दिसतं, तसा रंग आला. पिवडीचा पीतांबर त्याच्यावर असा उठून दिसतो की बाजूचा आकाशी कपटा फिकाच वाटायला लागला.

२ फेब्रुवारी, रविवार

पान १ आणि ३ मध्ये गदकारी, म्हणजे सपाट रंग भरणं, संपली. मग घोटाई. चित्र काचेवर उपडं ठेवायचं आणि पाठीमागून अकीकाच्या दगडानं घासायचं. आधी मुलांना भीती वाटली, रंगच निघेल. निघत नाही, उलट कागदात बसतो. दहा मिनिटांनी उलटं केलं तर सपाट लाल पार्श्वभूमीला आतून चमक आली होती. ही चमक वॉर्निशची नव्हे. बोट फिरवलं तर लोण्यासारखं लागतं. थर, घोटाई, पुन्हा थर, पुन्हा घोटाई, असं तीनदा केलं.

पान ४ मागे पडलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

बसोहली या पहाडी संस्थानातल्या चित्रांचं ऐकवलं होतं. राजा कृपालपालासाठी देवीदासानं १६९५ साली ‘रसमंजरी’ रंगवली. बसोहलीच्या त्या काळच्या पानांवर पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखांचे हिरवे तुकडे चिकटवलेले असतात. हलवलं की चमकतात. भानुदत्ताचीच ‘रसमंजरी’ पंचेचाळीस वर्षं आधी औरंगाबादेत रंगवली गेली होती, हेही मुलांना आता पाठ आहे.

आज आठवीतल्या सगळ्यांत धाकट्या मुलीनं दप्तरातून काडेपेटी काढली. आत सोनकिडा. श्रावणात बाभळीवर सापडलेला, मेलेला, तिनं कापसात जपून ठेवलेला. आम्ही सगळ्यांनीच लहानपणी सोनकिडे काडेपेटीत पाळलेत, बाभळीचा पाला घालून. पंखाचा वरचा कडक हिरवा भाग लहान कात्रीनं कापला. तांदळाच्या दाण्याच्या पावपट तुकडा. रुक्मिणीच्या चिंचपेटीच्या मधल्या पदकात डिंकाच्या थेंबावर ठेवला, सुईच्या टोकानं दाबला. वसली तिरपी केली की हिरवा, अजून तिरपी केली की तांबूस. पंखाचे सहा तुकडे निघाले. चार पाचव्या पानासाठी ठेवले, एक हरवला.

२३ फेब्रुवारी, रविवार

बोर्डाच्या परीक्षांचं पर्यवेक्षण सुरू झालं. रविवारच काय तो मिळतो.

खुलाई चालू आहे, म्हणजे शेवटची बारीक रेषा. श्वास धरून ओढायची. भाकरीवालीचा हात इथेही स्थिर. भुवई, पापणी, नखं. मग मोती. सफेदा दाट करून कुंचल्याच्या टोकावर थेंब घ्यायचा आणि कागदावर नुसता टेकवायचा, ओढायचा नाही. थेंब उभा राहतो, वाळला की बोटाला उंचवटा लागतो. नथीचे सात मोती घालायला पाऊण तास लागला. सहावा पसरला, तो वाळल्यावर ब्लेडच्या टोकानं खरवडून पुन्हा.

९ मार्च, रविवार

सत्य लिहितो : पान ४ होणार नाही. युद्धाचं पान, माणसं जास्त, घोडे जास्त. रेषा पक्की आहे, रंग फक्त बलरामाला आणि रुक्मीला. कृष्ण रुक्मीला बांधून त्याची दाढी-मिशी विद्रूप भादरतो, बलराम मधे पडून त्याला सोडवतो, तो प्रसंग मधोमध. बाकी सैन्य ठिपक्यांतून नुसतं उभं आहे.

मुलं हिरमुसली. त्यांना माणकूची लंकेच्या वेढ्याची मालिका दाखवली, १७२५ च्या सुमाराची. मोठमोठी पानं, आणि त्यातली कित्येक अर्धीच राहिलेली. काहींवर नुसती रेषा. आज अभ्यासक त्या अर्ध्या पानांवर जास्त वेळ थांबतात, कारण हात कसा चालला ते तिथेच उघडं दिसतं. पान ४ तसंच ठेवायचं ठरलं. नाइलाज म्हणून ठरलं हे खरं, पण आता ते पान माझं आवडतं आहे.

पाठीवरचा मजकूर आजच लिहून घेतला. भागवताच्या जुन्या पानांच्या पाठीवर मजकूर असतो, तसा. आत्यानं निवडलेल्या ओव्या, भूगोलवाल्याचं बाळबोध अक्षर, काजळाची शाई.

१९ मार्च, बुधवार, रात्री

उद्या षष्ठी, घरं वारकऱ्यांनी भरलेली. म्हणून वाचन आजच ठेवलं, आमच्या ओसरीवर. आमच्याकडे उतरलेल्या दिंडीतली पंचवीस-तीस माणसं. रंगपंचमी असल्यामुळे सातही मुलांचे हात गुलाबी-हिरवे. साबणानं तीनदा धुऊनही जाईना, म्हणून पानं धरायला धुवट पंचाचे तुकडे दिले.

धरायचं कसं ते पैठणच्या चित्रकथ्यांकडून घेतलं. या गावाच्या नावानं ओळखली जाणारी चित्रकथांची पानं पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. मोठे डोळे, एका बाजूनं दिसणारे चेहरे, ठसठशीत रंग, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी एक बाजू दाखवून सांगायचा, मग पान उलटायचा. आमच्या पानांच्या पाठीवर ओव्या, म्हणून मुलगी चित्र लोकांकडे धरून बसली आणि तिच्या मागे बसून आत्या पाठीवरचं वाचत गेली. खरं तर आत्याचे डोळे मिटलेले होते. तिला वाचायची गरज नव्हती.

पहिलं पान हातोहात फिरलं. जालन्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं सुदेवावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या सुदेवावर, मग तिसऱ्यावर, आणि शेजारणीला म्हणाली, “निघाला बघ.” कोणीही तीन भटजी समजलं नाही.

बारव सगळ्यांना आवडली. एकानं विचारलं, ही आमच्या गावची का? अजून दोघांनी तेच विचारलं, गावं वेगवेगळी.

पान ४ आलं तेव्हा मी सांगायला उठणार होतो की हे अपुरं आहे. आत्यानं हातानंच बस म्हटलं आणि युद्धाचा प्रसंग म्हणायला लागली. तिचा आवाज चढला. लोक त्या कोऱ्या घोड्यांकडे बघत होते. मृदंगवाल्यानं न सांगता ठेका धरला.

लग्नाच्या पानाला दिवा जवळ आणला. सोनकिड्याचे हिरवे तुकडे चमकले तेव्हा धाकटी मुलगी माझ्याकडे बघत होती.

२३ मार्च, रविवार

काल्याची दहीहंडी काल फुटली. दिंड्या परतल्या, गाव मोकळं झालं.

पानांची तपासणी केली. पान १ : डाव्या कोपऱ्यात तेलकट बोट उमटलंय, राहू दिलं. पान ३ : बारवेच्या पायऱ्यांवर, जिथे मी पुसलं होतं, तिथे निळा थोडा उठलाय. डिंक पाणी करून लावला. पान ५ : एक मोती पडला, नवा घातला.

पाचही पानं आम्लरहित कागदात गुंडाळून, लाल पंचात बांधून आत्याच्या पोथीच्या पेटीत ठेवली, वेखंडाचे तुकडे टाकून. शाळेच्या कपाटात वाळवी आहे.

चार ताव आणि एक अख्खी वसली शिल्लक. फुलवालीनं विचारलंय की त्या वसलीवर कालियामर्दन काढू का, डोह वरून आणि कदंब बाजूनं. मोजमाप घ्यायला ती उद्या शाळा सुटल्यावर नागघाटावर जाणार आहे, मलाही बोलावलंय.